तालुक्यापासून तांड्यापर्यंत रेडिओ लिंक: पैसा नेमका कुठे घालावा

प्रश्न थोडक्यात असा. किनवट तालुक्यातलं डोंगरपट्ट्यातलं एक गाव आणि त्याला जोडलेले दोन तांडे. तालुक्याच्या ठिकाणी चांगलं फायबर आहे, तिथून गाव हवाई अंतराने १७ किमी. ग्रामपंचायतीत भारतनेटची (ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या सरकारी योजनेची) पेटी भिंतीला लागलेली आहे, पण रस्त्याच्या नाहीतर पाइपलाइनच्या खोदकामात केबल तुटली की कित्येक दिवस दिवा लाल. शाळा, आरोग्य उपकेंद्र, रेशन दुकान आणि सेवा केंद्र जोडायचं आहे. विचारणारे गुरुजी लिहितात, ‘मोठी डिश लावली की वायफाय एवढ्या लांब जातं असं ऐकलं. कोणती डिश घ्यावी, परवाना लागतो का, आणि पावसाळ्यात चालेल का?’

गुरुजी, जातं. १७ किमी हे या धंद्यात फार लांबचं अंतर नाही. २००७ साली व्हेनेझुएलात साध्या वायफायच्या उपकरणांवर ३८२ किमीची लिंक (दोन टोकांमधली बिनतारी जोडणी) जोडून दाखवलेली आहे. अर्थात ती डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथ्यावर होती, आणि तशी जागा आपल्याला कुणी देणार नाही. आपल्या देशातही हे नवं नाही. आयआयटी कानपूरने गंगेच्या मैदानात वीसेक वर्षांपूर्वी अशा लांब लिंकांचं जाळं उभारलं. तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने खेड्यांतल्या तपासणी केंद्रांशी याच पद्धतीने व्हिडिओवर बोलायची सोय केली. आयआयटी मुंबईने पालघरच्या आदिवासी पाड्यांत काम केलं. म्हणजे तंत्राबद्दल शंका नको.

तरीही मराठवाड्यात दोन पावसाळ्यांत गपगार झालेल्या लिंका मी पुष्कळ पाहिल्यात. त्यांत रेडिओ (डिशला जोडलेली, सिग्नल पाठवणारी-ऐकणारी पेटी) मुळातच वाईट होता असं क्वचित निघालं. खांब कलला, अर्थिंग नव्हतंच, बॅटरी बसली, मधलं झाड वाढलं, नाहीतर जो पोरगा बघायचा तो पुण्याला कामाला गेला. रेडिओची जोडी आज एका बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत येते. खर्च आणि डोकं लागतं ते बाकीच्या गोष्टींना. म्हणून डिशचं मी नंतर सांगतो.

आधी उंचीचं बघू. दोन्ही टोकं एकमेकांना ‘दिसली’ पाहिजेत हे सगळ्यांना माहीत असतं, पण नुसतं दिसणं पुरत नाही. रेडिओची लहर दोरीसारखी सरळ जात नाही, ती मधोमध फुगलेली असते, काकडीसारखी. या फुगलेल्या भागाला फ्रेनेल झोन म्हणतात आणि त्याचा निदान ६० टक्के भाग मोकळा लागतो. ५.८ गिगाहर्ट्झवर, म्हणजे आपण वापरणार त्या फ्रिक्वेन्सीवर, १७ किमीच्या लिंकमध्ये मधोमध त्याची त्रिज्या साधारण १४.८ मीटर भरते. तिचे ६० टक्के म्हणजे ९ मीटर. त्यात पृथ्वीच्या गोलाईमुळे मध्यावर आलेला सव्वाचार मीटरचा फुगवटा मिळवा. म्हणजे मधल्या सर्वांत उंच अडथळ्याच्या डोक्यावरून तुमची रेषा १३ मीटर वरून गेली पाहिजे. अडथळा म्हणजे जमीन नव्हे, जमिनीवरचं झाड.

किनवटला खरी मेख इथेच आहे. तुमच्या भागात सागाचं रान आहे आणि साग उन्हाळ्यात उघडा पडतो. एप्रिलमध्ये कुणी पाहणी करून लिंक लावली तर सिग्नल सुरेख मिळतो, सगळे खूश होतात. जून-जुलैत तळहाताहून मोठी पानं फुटतात, ती ओली होतात आणि सिग्नल खाली बसतो. मग लोक म्हणतात, पावसानं बंद पडली. पावसानं नाही, पानानं. म्हणून तुमच्याकडची पाहणी ऑगस्ट-सप्टेंबरात करा. उन्हाळ्यात करणं भागच असेल तर प्रत्येक झाड भरलेलं आहे असं धरून, वर दोन-तीन मीटर वाढीला सोडून हिशोब करा. निलगिरी आणि सुबाभूळ असेल तर जास्तच सोडा.

घरबसल्या पहिला अंदाज गूगल अर्थवर येतो. दोन्ही ठिकाणांमध्ये रेघ ओढली की जमिनीचा उभा छेद दिसतो. रेडिओ मोबाइल नावाचं फुकट सॉफ्टवेअर तोच छेद घेऊन फ्रेनेल झोनसकट काढून देतं. पण ही जमिनीची उंची बहुतेक वेळा २००० साली अवकाशयानातून झालेल्या मोजणीवरून आलेली असते. तिच्यात झाडं भरवशाने धरलेली नसतात आणि त्यानंतर उठलेल्या इमारती तर नसतातच. त्यामुळे कागदावर जमलं तरी एकदा गावच्या पाण्याच्या टाकीवर चढून बघावं लागतं. स्वच्छ सकाळी तालुक्याच्या टोकाला एकाने आरशाने ऊन परतवायचं आणि गावाकडून दुसऱ्याने बघायचं. १७ किमीवरून ती चमक उघड्या डोळ्यांना दिसते. मे महिन्याच्या धुरकट हवेत हा खेळ करू नका, काहीच दिसणार नाही.

रेषा मिळाली नाही तर? तर मध्ये एक टप्पा घ्या. ९ आणि ८ किमीचे दोन टप्पे केले की ९ किमीच्या लिंकला मध्यावर पावणेआठ मीटर मोकळीक पुरते, १३ लागत नाही. शिवाय सिग्नलचं हवेतलं नुकसान साडेपाच डेसिबलने (डेसिबल हे सिग्नल किती वाढला-घटला त्याचं माप) कमी होतं. टप्पा कुठे घ्यायचा यावर मात्र माझं मत ठाम आहे: डोंगरमाथ्यावर नको, मधल्या गावातल्या पाण्याच्या टाकीवर घ्या. तुमच्याकडचे माथे बहुतेक वनखात्याचे, काही भाग पैनगंगा अभयारण्यातला. परवानगीत वर्ष जाईल, आणि मिळाली तरी तिथल्या सोलर प्लेटा रात्रीत खाली उतरतील. टाकी बारा-पंधरा मीटर उंच असते, खाली पंपासाठी वीज असते, रोज माणसाची ये-जा असते. देवळाचा कळस कुणी आपणहून दिला तरी नम्रपणे नाही म्हणा. पुढे गावात दोन गट पडले की आधी तुमची डिश उतरते.

कमी फ्रिक्वेन्सी झाडांतून जाते, मग तीच का वापरू नये, असं बरेच जण विचारतात. पालघरला टीव्हीच्या रिकाम्या बँडमध्ये, ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमध्ये, नेमका हाच प्रयोग झाला होता. पण तो प्रयोगाच्या परवानगीवर होता, तुमच्या-माझ्यासाठी तो बँड खुला नाही. २.४ गिगाहर्ट्झ खुला आहे, पण तिथे गर्दी आहे आणि १७ किमीला फ्रेनेलची त्रिज्या २३ मीटर होते. झाडात थोडं मिळवाल, उंचीत गमावाल.

आता परवाना. ५ गिगाहर्ट्झमधला मोठा पट्टा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये विनापरवाना केला. लांब लिंकसाठी त्यातला ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झचा भाग कामाचा. तिथे डिशमधून बाहेर पडणारी एकूण परिणामी ताकद ४ वॉट, म्हणजे ३६ डीबीएमपर्यंत चालते (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं डेसिबलमधलं माप). ही मर्यादा रेडिओ आणि डिश मिळून आहे, आणि बसवणारे नेमकं हेच विसरतात. ३० डीबीआयची (डिश सिग्नल किती एकवटते त्याचं हे माप) डिश लावली तर रेडिओची स्वतःची ताकद फक्त ६ डीबीएम ठेवावी लागते, म्हणजे ४ मिलिवॉट. लोक ती २५-२७ वर तशीच सोडतात. ते बेकायदा तर आहेच, वर तालुक्यातल्या सगळ्या लिंका एकमेकींच्या कानात ओरडत बसतात आणि कुणाचंच नीट चालत नाही.

मग मोठ्या डिशचा उपयोग काय? ऐकण्यात. कायदा पाठवण्यावर बंधन घालतो, ऐकण्यावर नाही. शिवाय मोठ्या डिशचा झोत अरुंद असतो, त्यामुळे बाजूचा गोंगाट ती घेत नाही. तुमचा हिशोब असा पडतो: बाहेर पडले ३६, सतरा किलोमीटरच्या हवेत गेले १३२, समोरच्या ३० डीबीआयच्या डिशने परत दिले ३०, हाती आले उणे ६६. जोडण्यांमध्ये दोन-तीन जातील, म्हणजे उणे ६९ डीबीएम. २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर एवढ्यात दोन्ही दिशांचे मिळून ५० एमबीपीएस निश्चिंत मिळावेत. चॅनेल ४० किंवा ८० चा करून आकडा फुगवायचा मोह होतो. करू नका. रुंद चॅनेल गोंगाटही तेवढाच जास्त गोळा करतो. एक शाळा, उपकेंद्रातलं ई-संजीवनीचं (डॉक्टरांशी दुरून बोलायच्या सरकारी सेवेचं) सल्लामसलतीचं काम, रेशनच्या मशीनवरचे अंगठे आणि सेवा केंद्र यांना ५० एमबीपीएस भरपूर झाले. रेशनच्या अंगठ्याला तर वेग लागतच नाही, लिंक चालू असावी लागते.

५२५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ हे पट्टेही खुले आहेत, पण तिथे ताकद कमी ठेवावी लागते आणि रडारला वाट द्यावी लागते. रडार ऐकू आलं की रेडिओने आपणहून चॅनेल सोडायचा असा नियम आहे. हवामानाची सी-बँड रडारं ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. २०१५ च्या दुष्काळात कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी औरंगाबादेत तसलं रडार बसवलं होतंच. रेडिओच्या सेटिंगमध्ये भलताच देश निवडून हा नियम चुकवणारे आहेत. त्यांच्या नादी लागू नका.

उपकरणाला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची मान्यता आहे का, ते खरेदीच्या वेळी विचारा. पैसे घेऊन इंटरनेट वाटायचं असेल तर मात्र इंटरनेट पुरवठादाराचा परवाना लागतो. फ्रिक्वेन्सी फुकट म्हणजे धंदा फुकट नव्हे. सोपा मार्ग असा, की जिल्ह्यातल्या परवानाधारक केबल-इंटरनेटवाल्याकडून तालुक्याच्या टोकाला जोडणी घ्या आणि लिंक त्याच्या नावाने चालू द्या. गावात वायफाय वाटायला डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे. तिच्यात दुकानदाराला वेगळा परवाना लागत नाही. कुणीतरी हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा परवान्यावरचा बिनतारी संच, सुचवेल. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात हॅमवाल्यांनी निरोप पोचवण्याचं मोठं काम केलं, त्याचा आदर आहेच. पण तो परवाना छंदाचा आणि आपत्तीतल्या सेवेचा आहे, त्यावर गावाचं इंटरनेट चालवता येत नाही.

रेडिओ निवडताना एकच गोष्ट नीट बघा. साधं वायफाय प्रत्येक पाकिटाची (माहितीच्या तुकड्याची) पोच मिळण्याची वाट बघतं, आणि ती वाट खोलीतल्या अंतराच्या हिशोबाने ठरलेली असते. १७ किमी जाऊन परत यायला लहरीला ११३ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात साधा राउटर पाकीट हरवलं असं समजून तेच पुन्हा पाठवतो. म्हणून पाळी ठरवून बोलणारी पद्धत लागते: आता तू, मग मी. युबिक्विटीचं एअरमॅक्स आणि मायक्रोटिकचं एनव्ही२ हेच करतात, कॅम्बियमचंही स्वतःचं आहे. यांचं एकमेकांशी जुळत नाही, तेव्हा दोन्ही टोकांना एकाच कंपनीचा माल घ्या. कोणत्या कंपनीचा, यावर मी भांडणार नाही. नांदेडला ज्याचा सुटा भाग त्याच दिवशी मिळतो, तो घ्या.

डिश जुळवणं हे हाताचं काम आहे. मोठ्या डिशचा मुख्य झोत पाचेक अंशांचा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छोटे खोटे झोत असतात. नवशिका फिरवता फिरवता खोट्या झोतावर थांबतो. सिग्नल येतो, लिंक लागते, सगळे खाली उतरतात. म्हणून वर चढण्याआधी हिशोबाचा आकडा कागदावर लिहून न्या. तुमचा उणे ६९ आहे. तिथे उणे ८२, म्हणजे बराच क्षीण सिग्नल, दिसत असेल तर काहीतरी चुकलंय: एकतर खोटा झोत, नाहीतर मध्ये झाड. आडवं फिरवून बघा, मग उभं. एका वेळी एकच टोक हलवा, दोघांनी मिळून हलवू नका. आडव्या आणि उभ्या ध्रुवणाचे (लहर आडवी डोलते की उभी, त्या दोन्हींचे) आकडे दोन-तीन डेसिबलच्या आत जुळले पाहिजेत.

जुळवलेली डिश जुळलेली राहणं हे त्याहून अवघड, आणि ते खांबावर आहे. टाकीच्या कठड्याला पोलादी पट्ट्यांनी घट्ट केलेला दोन-अडीच इंची पाइप असेल तर चिंता नाही. जमिनीतून खांब उभा करायची वेळ आली तर माती बघा. परभणी-नांदेडकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आक्रसते. दोन-तीन फुटांच्या खड्ड्यातला पाया तिच्याबरोबर वरखाली होतो, ताणाच्या तारांचे खुंट सैल पडतात आणि खांब कलतो. खांब एक अंश कलला तर १७ किमीवर झोताचा मधला भाग ३०० मीटर सरकतो. काळ्या मातीत पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्या आणि ताणाच्या तारा दर वर्षी मृगाच्या आधी आवळा. बालाघाटावरच्या माळाला ही अडचण नाही, तिथे हातभर खाली कातळ लागतो. तिथलं दुखणं वेगळं: पवनचक्क्या. रेषेत पातं फिरत असेल तर सिग्नल ठेका धरून वरखाली होतो. तसंच जायकवाडीसारख्या मोठ्या जलाशयावरून लिंक नेली तर पाण्यावरून परतणारी लहर मूळ लहरीशी भांडते, आणि धरण भरलं-उतरलं की आकडे बदलतात.

पाऊस. ५.८ गिगाहर्ट्झला आपल्याकडचा पाऊस फारसा अडवत नाही. मुसळधार सर पूर्ण रेषेवर कधी नसते, आणि गरजेपेक्षा पंधराएक डेसिबल जास्त सिग्नलची शिल्लक ठेवली असेल तर लिंकचा वेग कमी होईल, ती तुटणार नाही. ६० गिगाहर्ट्झवाले रेडिओ वेगळे, ते किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आत वापरायचे. पाऊस नुकसान करतो ते केबलच्या तोंडातून. केबल रेडिओत शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी झोळातून ठिबकेल. घरातली साधी कॅट-५ (नेटवर्कची केबल) बाहेर लावू नका. आपल्या उन्हात तिचं आवरण तडकतं. बाहेरची, जाळीचं कवच असलेली केबल घ्या आणि ती लोखंडी पाइपातून न्या. तुमच्याकडे वानरं आहेत. ती डिशवर बसतात ते एक वेळ चालेल, केबल ओढतात ते चालत नाही.

वीज पडण्याकडे मात्र दुर्लक्ष नको. एप्रिल-मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात वीज माणसं-जनावरं घेते, टाकीवरचा खांब तर तिला आमंत्रणच. खांबाच्या टोकाला डिशहून मीटरभर उंच तडितरोधक, त्यापासून तांब्याची सरळ पट्टी खाली, आणि खाली खराखुरा अर्थिंगचा खड्डा. काळी माती ओली असते तोवर उत्तम अर्थिंग देते, मुरूम आणि कातळ देत नाही. तिथे मीठ-कोळशाचा खोल खड्डा करून उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहावं लागतं. केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारं उपकरण) आणि सगळ्यांचं अर्थिंग एकाच ठिकाणी बांधलेलं. वेगवेगळे दोन खड्डे एकमेकांना न जोडता ठेवले तर वीज एकातून चढून तुमच्या स्विचमधून दुसऱ्यात उतरते.

थेनीचं जाळं ज्यांनी वर्षानुवर्षं चालवलं त्यांचाही अनुभव हाच, की रेडिओपेक्षा खराब विजेने जास्त छळलं. आपल्याकडे तर न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्ट घरात येतात. म्हणून लिंक थेट लाइटीवर चालवूच नका. रेडिओ, स्विच, राउटर मिळून २५ वॉट धरले तर दिवसाला ६०० वॉट-तास लागतात. १२ व्होल्ट १०० एएचची शिसे-आम्लाची बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणजे एका बॅटरीला एक दिवस. निदान दोन ठेवा. पावसाळ्यात ऊन अडीच तासांच्या मोलाचं मिळतं असं धरून ३०० वॉटचं पॅनेल लागतं. उन्हाळ्याच्या हिशोबाने १०० वॉटचं लावून देणारा भेटेल; त्याची लिंक जुलैत बंद पडते. मध्ये इन्व्हर्टर नको. तो रिकामा चालतानाच दहाएक वॉट खातो. रेडिओ डीसीवरच चालतो, त्याला डीसीच द्या. बॅटरी पत्र्याच्या पेटीत उन्हात ठेवू नका, टाकीच्या सावलीत किंवा पंपघरात ठेवा.

टाकीपासून दोन तांड्यांपर्यंतचं काम सोपं आहे. एक ९० किंवा १२० अंशांचा सेक्टर अँटेना (पंख्यासारखा रुंद झोत टाकणारा), प्रत्येक ठिकाणी छोटा ग्राहक रेडिओ. फक्त मुख्य लिंकपेक्षा वेगळा चॅनेल आणि खांबावर दीड-दोन मीटरचं उभं अंतर ठेवा. भारतनेटची पेटीही फेकू नका. फायबर चालू असेल तेव्हा त्यावर, तुटलं की रेडिओवर, अशी अदलाबदल साधा राउटर आपणहून करतो.

माणूस कोण बघणार, हे लिंक लावण्याआधी ठरवा. गावातच राहणारा, शेती किंवा दुकान असलेला, टाकीवर चढायला न घाबरणारा. पाणीपुरवठ्याचा कर्मचारी सर्वांत चांगला, कारण तो रोज तिथे जातोच. त्याला महिन्याला ठरावीक रक्कम ग्रामपंचायतीच्या ठरावाने द्या. आधीच सेटिंग करून ठेवलेला एक जादा रेडिओ गावातच राहू द्या आणि पासवर्ड शाळेच्या कपाटात कागदावर ठेवा. पासवर्ड बसवणाऱ्याच्या मोबाइलमध्येच राहिल्यामुळे अडून बसलेली गावं मला माहीत आहेत.

डिश आत्ता विकत घेऊ नका. गावच्या टाकीचं आणि तालुक्यातल्या फायबरच्या इमारतीचं अक्षांश-रेखांश, दोन्हींची जमिनीपासूनची उंची, आणि टाकीवरून तालुक्याच्या दिशेने काढलेला एक फोटो एवढं आधी जमवा. फोटो पाऊस पडून गेल्यानंतरच्या स्वच्छ हवेत काढा, पानं असताना. १७ किमी एका टप्प्यात जातं की दोन लागतात, हे त्यावरून अर्ध्या तासात सांगता येतं, आणि खरेदीची यादी त्यानंतरच करायची.